भोपळ्यांची वही

माझ्या मासेमारीच्या वहीत चार रकाने आहेत: तारीख, पाण्याचं तापमान, मासे आणि शेरा. या हिवाळ्यात तिसऱ्या रकान्यात भोपळ्यांचं पीक आलंय. खेपा अकरा, मासे दोन. त्यातला एक तर मी धरलेलाच नव्हता. गळ ओढून घेताना तो बिचारा शेपटीजवळ अडकला. हा मोजायचा की नाही, यावर काठावरच बराच खल केला आणि शेवटी मोजला. एवढ्या भोपळ्यांनंतर माणसाची तत्त्वं जरा सैल पडतात.

'मासे मारायला जातो आणि माशा मारत बसतो', हा विनोद घरी दर खेपेला होतो. तो अचूक नाही. थंडीत नदीवर माशाही नसतात. हात हलवत परत आलो म्हणावं तर तेही खोटं, कारण परत येताना हात हलण्याच्या स्थितीत नसतात.

हातांचे खरे हाल होतात ते गाठ मारताना. नायलॉनचा धागा गळाच्या डोळ्यातून ओवायचा, त्याच्याभोवतीच पाच वेढे द्यायचे, टोक मागे आणून पहिल्या फासात घालायचं आणि थुंकी लावून सावकाश आवळायचं. कोरडीच ओढली तर घासून धागा तापतो आणि नेमका तिथेच कच्चा राहतो. उन्हाळ्यात हे सगळं गप्पा मारता मारता होऊन जातं. हिवाळ्यात धागा ताठर, बोटं बधिर, डोळ्यांत वाऱ्यामुळे पाणी. एकदा तर मी हातमोज्याचा उसवलेला दोराच मोठ्या निगुतीनं गळाला बांधला. गाठ उत्तम बसली होती.

मासे का लागत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि दुखणं तेच आहे. अडाणीपणावर खापर फोडायची सोय नाही. बहुतेक माशांच्या अंगाची ऊब पाण्याइतकीच असते. पाणी दहा अंशांनी उतरलं की त्यांच्या शरीराचा कारभार साधारण निम्म्यावर येतो. पोटातला घास लवकर जिरत नाही, मग पुढचा हवाय कशाला? त्यात गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो: ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास, तर शून्याजवळच्या पाण्यात जवळपास दुप्पट. म्हणजे श्वासासाठी खळाळत्या धारेत झुंजायचीही गरज उरली नाही. मासा सरळ वळणावरच्या डोहात किंवा मोठ्या दगडाच्या आडोशाला, तळाशी, पाणी जवळजवळ थांबतं तिथे जाऊन पडतो. आमिष वीतभर अंतरावरून गेलं तरी तो वळत नाही. ते त्याच्या तोंडावरून जायला हवं, तेही हळू. एखाद्या जेवून झोपलेल्या माणसाला घास भरवायला मी सहा-सहा तास ताटकळत असतो, असं म्हटलं तरी चालेल.

बरं, तो झोपलेला तरी असतो का? तसंही नाही. हिवाळ्यात आमच्या नदीचं पाणी कमी आणि नितळ. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे माशाला वरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल झरोक्यातून दिसतं. त्याचा कोन साधारण ९७ अंशांचा. काठावर उभा असलेला मी त्या झरोक्याच्या कडेला चेपलेला, बुटका, पण दिसतोच. शिवाय पाण्यातले हादरे टिपणारी एक रेघ त्याच्या अंगावर दोन्ही कुशींना असते, त्यामुळे माझ्या बुटांची धपधप त्याच्यापर्यंत आधीच पोचलेली. म्हणून मी काठावर गुडघ्यांवर रांगत जातो. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, या माणसाचं काहीतरी हरवलंय.

खरा गळाला लागलेला मासा सातव्या खेपेचा. जेमतेम वीतभर. माशाला धरण्याआधी हात ओले करावे लागतात, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि त्याला रोग जडतात. सहा अंशांच्या पाण्यात मी आपखुशीनं दोन्ही हात बुडवले, गळ सोडवला, त्याला सोडून दिलं. तो गेला, पण एक खवला माझ्या अंगठ्याला चिकटून राहिला.

तो घरी आणून भिंगाखाली धरला. खवल्यावर झाडाच्या खोडासारखी वलयं असतात. वाढीच्या दिवसांत ती ऐसपैस पडतात. थंडीत वाढ खुंटते आणि ती दाटीवाटीनं एकमेकींना खेटतात. अशा दाट पट्ट्या मोजून वय काढतात. मला दोन दिसल्या. हा धरून तीन हिवाळे! त्याच्याही वहीत थंडीच्या दिवसांत लिहिण्यासारखं फारसं काही नव्हतं तर.

मग माझी वही चाळली. तिथे नेमकं उलटं. उन्हाळ्यातले शेरे म्हणजे 'पाच मासे. ऊन फार.' एवढेच. एका ओळीत दिवस संपलेला. हिवाळ्यात मात्र रकाना फुटून मजकूर समासात, समासातून मागच्या पानावर. धुकं किती वाजता उचललं. काठीच्या कड्यांत बर्फ धरला, तेव्हा ती पाण्यात बुडवून कशी मोकळी केली. पाणमांजरानं माझ्यासमोर, माझ्याच डोहातून, मासा काढून नेला (यावर अर्धं पान आहे, आणि भाषा सभ्य नाही). पलीकडच्या काठावरचा खंड्याही सकाळभर उपाशी बसला होता, हे मी जरा समाधानानं लिहिलेलं दिसतं.

अकराव्या खेपेला पाणी पाच अंश होतं. दुपारी ते थोडंसं तापतं आणि अर्ध्या अंशानंसुद्धा एखाद्या माशाला जाग येते, म्हणून त्या वेळेसाठी मी सकाळपासून बुचावरची नजर काढली नव्हती. त्या दिवशीचा शेरा मात्र छोटा आहे. '२ वाजून १० मिनिटांनी बूच बुडालं. एकदाच, पण सरळ खाली. मी तेव्हा हातमोजा चढवत होतो.'