लोखंड सोडून रबर का धरलंत?

लग्नाची पंगत असो की माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, प्रश्न ठरलेला: "सर, तुम्ही मेकॅनिकलचे ना? मग हे रबराच्या रोबोंचं काय घेऊन बसलात?" एरवी हसून वेळ मारून नेतो. आज तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

आम्हाला कॉलेजात शिकवलं, वाकणं म्हणजे दोष. बीम किती झुकेल याचं गणित मांडायचं, ते तो झुकू नये म्हणून. पीएचडीच्या सुरुवातीला मीही ताठ ग्रिपरवरच, म्हणजे वस्तू पकडणाऱ्या रोबोच्या हातावरच, काम करत होतो. एकदा हौसेने त्याच्यापुढे पिकलेला चिकू ठेवला. बोल्ट उचलण्यात पटाईत असलेल्या त्या पठ्ठ्याने चिकूचा पार लगदा केला. गाइड एवढंच म्हणाले, "टेबल पुसून घ्या."

मग वाचनात मॅककिबेन आला. अमेरिकेतला अणुभौतिकीचा माणूस. मुलीला पोलिओ झाला, तिच्या हातासाठी त्याने 1950च्या दशकात हवेवर चालणारा स्नायू केला. आत रबरी नळी, वर विणलेली जाळी. हवा भरली की नळी फुगते आणि लांबीला आखडते, दंडाची बेटकुळी निघते तशी. मोटर नाही, गिअर नाही. मी गळाला लागलो तो तिथे.

रोबोचं मऊ बोट करणं सोपं वाटतं. सिलिकोन रबराचे दोन भाग मिसळा, व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढा, साच्यात ओता. माझी पहिली बोटं मात्र चार दिवस झाले तरी गुळाच्या पाकासारखी चिकट. प्रमाण तपासलं, तापमान तपासलं, बाटल्या बदलल्या. दोष निघाला माझ्या हातमोज्यांत! लॅटेक्समधल्या गंधकामुळे सिलिकोनमधला प्लॅटिनम उत्प्रेरक निकामी होतो. तीन आठवडे गेले. आजही नवा विद्यार्थी आला की आधी त्याचे हातमोजे बघतो.

पण खरी कसोटी स्नायूची नाही, जाणिवेची. ताठ रोबोच्या सांध्यात एन्कोडर हा सेन्सर बसवला की सांधा किती वळला, तो कोन कळतो. मऊ बोटाला सांधाच नाही. ताण मोजणारा धातूचा स्ट्रेन गेज थोड्याशा ताणातच तुटतो. म्हणून गॅलियम-इंडियमचा मिश्रधातू, जो खोलीच्या तापमानाला द्रव असतो, तो सिलिकोनमधल्या केसासारख्या बारीक नाळेत भरायचा. नाळ दुप्पट ताणली की तिचा छेद निम्मा होतो, म्हणून विजेला होणारा रोध चौपट; तो मोजला की ताण कळतो. कागदावर फार सुंदर. प्रत्यक्षात बोट वाकताना एक आकडा, त्याच जागेवरून परतताना दुसरा. रबराला आठवण असते, असं मी वर्गात सांगतो. पुस्तकात त्याला हिस्टेरेसिस म्हणतात.

2016 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचा ऑक्टोबॉट हा ऑक्टोपससारखा मऊ रोबो आला. बॅटरी नाही, चिप नाही, हायड्रोजन पेरॉक्साइडपासून सुटणाऱ्या वायूवर पाय हलवणारा. लोक भारावले, मीही. पण त्याला स्पर्श कळत नव्हता, आणि माझी तर सगळी नोकरी त्याच एका गोष्टीपायी चाललीय.

सध्या एक विद्यार्थिनी आमच्या बोटाला पिकलेला चिकू ओळखायला शिकवतेय. लगदा आता होत नाही. पण बोट अजून कच्च्यालाही पिकलेला म्हणतं. उरलेले चिकू ती संध्याकाळी हॉस्टेलवर नेते.