रॅमची तपासणी: बी२ स्लॉटपर्यंत पोचलो

आठ दिवसांपासून पीसी मधेच निळा स्क्रीन देत होता. पण खरा संशय आला तो एका झिप फाइलमुळे. तीच फाइल एकदा नीट उघडायची, दुसऱ्यांदा सीआरसी एरर (फाइलमधला डेटा बिघडल्याची सूचना). त्याच क्षणी फोटोंचा बॅकअप थांबवला. खराब रॅममधून गेलेली फाइल गुपचूप बिघडून डिस्कवर लिहिली जाऊ शकते आणि ते कळतं फार उशिरा.

शनिवारी पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावलं. रॅमच्या ८ जीबीच्या दोन स्टिक (पट्ट्या), डीडीआर४ प्रकारच्या, ३२०० वेगावर. पहिल्याच फेरीत एररच्या लाल ओळी. बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारं सेटिंग, बंद केलं, म्हणजे व्होल्टेज १.३५ वरून १.२ वर आलं. एरर तशाच. ओव्हरक्लॉकचा प्रश्न तिथेच मिटला.

रविवारी कॅबिनेट उघडलं. मागचा स्विच बंद, वायर काढलेली, मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. गालिचा गुंडाळून ठेवला, उघड्या फरशीवर बसलो आणि अंगावरची स्थिर वीज जावी म्हणून स्टिकला हात लावण्याआधी दरवेळी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावला. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) मात्र उघडायचा नाही. त्याच्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही चार्ज राहतो.

आता एकावेळी एकच बदल. पहिली स्टिक ए२ मध्ये (मदरबोर्डवरचा रॅमचा एक स्लॉट) एकटी: तीन फेऱ्या स्वच्छ. दुसरीही ए२ मध्ये स्वच्छ. मग बी२ स्लॉट: पहिली नापास, दुसरीही नापास. म्हणजे दोष स्टिकचा नाही, स्लॉटच्या बाजूचा. वेळ खूप गेला, पण दोन चांगल्या स्टिक बदलायला सीताबर्डीच्या बाजारात निघालो होतो, ते वाचलं.

टॉर्च मारून पाहिलं तर बी२ च्या फटीत धूळ चिकटून बसलेली. उन्हाळाभर कूलरची ओलसर हवा थेट कॅबिनेटवर येते आणि नागपूरच्या मे महिन्यात कूलर काही बंद होत नाही. कॅमेऱ्याच्या रबरी ब्लोअरने फुंकलं. तोंडाने फुंकलं की थुंकीचे थेंब उडतात. स्टिकचे सोनेरी पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. खोडरबर बरेच जण वापरतात, मला पटत नाही. सोन्याचा थर पातळच असतो.

दोन्ही क्लिप बसल्याचा आवाज येईपर्यंत दाबलं. रात्रभर चार फेऱ्या, शून्य एरर. कॅबिनेट कूलरसमोरून खिडकीच्या दुसऱ्या बाजूला हलवलंय. आज एक्सएमपी चालू करून पुन्हा रात्रभर लावतोय. पुन्हा नापास झालं, तर सीपीयूवरचा कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा) एकीकडे जास्त आवळला गेलाय का ते पाहणार, कारण त्यानेही रॅमच्या एररचा त्रास होऊ शकतो.