रंकाळ्यावरची भेळ आणि आमचे हे

आज भाच्याचं जावळ होतं. मी पाहुण्यांत पोटभर बोलले. ह्यांनी तीन तासांत मोजून चार वाक्यं बोलली, त्यातली दोन वाढप्याशी: "पांढरा जरा" आणि "बास."

निघताना आत्यांनी विचारलंच, "नवरा रागावलाय काय गं?" बारा वर्षं झाली, तेच उत्तर देतेय.

गाडीवर मी फुगूनच बसलेले. ह्यांनी न विचारता गाडी रंकाळ्याकडं वळवली. संध्यामठासमोर कट्ट्यावर बसलो. माझ्या भेळेत कांदा कमी, कैरी जास्त, हे त्यांनीच सांगितलं. मग पाण्याकडं बघत हळूच म्हणाले, "आत्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. दोनदा सांगत होत्या, तू बोलत होतीस."

मला पत्ताच नाही!

मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगनं १९२१ साली अंतर्मुख-बहिर्मुख अशी मांडणी केली. दोन्ही वृत्ती प्रत्येकात असतात, एक वरचढ ठरते, असं त्याचं म्हणणं. ह्यांच्यातली दुसरी कुठं लपलीय, देवाला ठाऊक.

उद्या आत्यांना फोन करायचाय. ह्यांनाच लावायला सांगणार होते, पण आत्यांना पलीकडून नुसतं "हं... हं..." ऐकू जायचं.