डिकीत औषधं, मागच्या सीटवर लेक

२९ ऑक्टोबर २०२५, बुधवार

एचआरचा मेल आलाय. माझ्या गाडीचं लीज डिसेंबरअखेर संपतंय, नवी कोणती हवी ते १० नोव्हेंबरच्या आत कळवायचं. माझ्या ग्रेडला ऑन-रोड अकरा लाखांची मर्यादा. यादीत डिझायर, ब्रेझा, नेक्सॉन, आणि वरचे पैसे आपण भरणार असू तर एर्टिगा.

जेवताना विषय निघाला. नवऱ्याचं म्हणणं, शेतात जायचं तर उंच गाडी घे, यात विचार करण्यासारखं काय आहे. नणंदेचा फोन आला होता, तिला सात सीटर हवी, म्हणजे औदुंबरला सगळ्यांना एकदम जाता येईल. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. लेक म्हणाली, "आई, वास न येणारी घे."

तिचं ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

माझं काम द्राक्षाच्या औषधांचं. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ, मिरजेचा पूर्व भाग आणि जतचा अर्धा तालुका माझ्याकडे. ऑक्टोबर छाटणी झाली की पोंगा, म्हणजे नवा कोंब, फुटल्यापासून मणी सेट होईपर्यंत आमचा फोन खाली राहत नाही. यंदा तर मे महिन्यातच पाऊस सुरू झाला आणि दसऱ्यापर्यंत त्यानं पाठ सोडली नाही. पहाटे पाचला फोन येतो, "ताई, डाऊनी दिसतोय, येऊन बघा." डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग. त्या आवाजातली काळजी मला कळते. एका एकरात लाखो रुपये घालून बसलेला माणूस असतो तो. म्हणून मी निघते, आणि निघताना गाडीत सगळं असावं लागतं: औषधांचे नमुने, पीएच मीटर, गमबूट, रेनकोट, पान-देठ परीक्षणासाठी घ्यायच्या कागदी पिशव्या, पाण्याचा कॅन.

सध्याची गाडी हॅचबॅक. डिकी आणि मागची सीट यांच्यामध्ये फक्त एक पातळ ट्रे. ईसी प्रकारातल्या, म्हणजे पाण्यात मिसळायच्या तेलकट औषधांमध्ये द्रावक असतं, त्याचा वास झाकण घट्ट लावलं तरी पेटीला, हाताला, गाडीतल्या कापडाला धरून राहतो. दिवसभर बागेच्या कडेला उन्हात उभी राहिलेली गाडी संध्याकाळी उघडली की तोच वास. त्याच सीटवर शाळेचं दप्तर घेऊन माझी लेक बसते. मिरज येईपर्यंत तिचं डोकं दुखायला लागतं. काचा खाली करते, डिकी धुते, कापराच्या वड्या ठेवून बघितल्या. बाटलीवर लाल, पिवळा, निळा, हिरवा असे त्रिकोण असतात, विषारीपणा सांगणारे. त्यांचा अर्थ मी शेतकऱ्यांना रोज समजावते. कीटकनाशक नियम, १९७१ सांगतात की औषधांची ने-आण करताना ती खाण्याच्या पदार्थांना लागता कामा नयेत. माझ्या लेकीचा डबा त्याच गाडीत असतो. मध्ये पेटी आहे, झाकण आहे, पण आई म्हणून तेवढ्यानं माझं समाधान होत नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

आज हिशोबाचं बघितलं. आमच्या टीममधला जतचा मुलगा सांगत होता, "मॅडम, कंपनीची गाडी नको, टॅक्स लागतो. भत्ता घ्या." त्याच्यासाठी आणि माझ्यासाठीही नीट मांडून ठेवते.

कंपनीची गाडी कामाला आणि घरच्याही वापराला असेल, आणि इंधन-देखभाल कंपनी करत असेल, तर २०२५-२६ च्या नियमानं १.६ लीटरपर्यंतच्या इंजिनाला महिन्याला १,८०० रुपये आपल्या उत्पन्नात मिळवले जातात. इंजिन त्याहून मोठं असेल तर २,४००. ड्रायव्हर दिला असेल तर आणखी ९००. हे रुपये टॅक्स म्हणून कापले जात नाहीत, उत्पन्नात धरले जातात आणि त्यावर आपल्या स्लॅबप्रमाणे कर बसतो. २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये १,८०० वर सेस धरून पावणेचारशेच्या आसपास. गाडीची किंमत सहा लाख असो की अकरा, आकडा तोच, कारण नियम इंजिनाकडे बघतो. उलट भत्ता घेतला तर तो पगारात धरला जाऊन साधारणपणे करपात्र, आणि टायर, विमा, सर्व्हिसिंग आपल्या गळ्यात. माझ्यासारखी महिन्याला अडीच-तीन हजार किलोमीटर फिरणारी बाई भत्त्यात सुखी होणार नाही. यादीतल्या चारही गाड्या १.६ लीटरच्या आतल्या आहेत, त्यामुळे हा मुद्दा इथेच संपतो.

जीएसटीचा मात्र परिणाम झालाय. २२ सप्टेंबरपासून चार मीटरच्या आतली गाडी, पेट्रोल असेल तर १,२०० सीसीपर्यंत आणि डिझेल असेल तर १,५०० पर्यंत, १८ टक्क्यांत आली. बाकीच्यांना ४०. डिझायर १८ मध्ये. नेक्सॉनचं पेट्रोल इंजिन १,१९९ सीसी, डिझेल १,४९७, म्हणजे दोन्ही १८ मध्ये. ब्रेझा लांबीनं बसते, पण पेट्रोल इंजिन १,४६२ चं, म्हणून ४०. एर्टिगा लांबीतच बाहेर. कंपनीची मर्यादा जुनीच असल्यानं गेल्या वर्षी न परवडणारं नेक्सॉनचं वरचं मॉडेल आता आवाक्यात येईल असं वाटतंय. आरटीओचा एकरकमी कर कंपनीच्या नावावरच्या गाडीला आपल्या नावावरच्यापेक्षा जास्त बसतो, तेव्हा शोरूमची किंमत बघून खूश व्हायचं नाही, ऑन-रोडचा कागदच मागायचा.

एर्टिगा मी मनातून काढली. आमचं घर सांगलीच्या गावभागात. गल्लीत समोरून रिक्षा आली की एकानं मागं घ्यायचं. सात माणसं वर्षातून चार वेळा, आणि ती गल्लीतली वळणं रोज दोन वेळा. शिवाय मागची रांग वापरात असली की डिकी उरते २०९ लीटर. माणसं बसवली तर पेट्या कुठे ठेवू?

२ नोव्हेंबर, रविवार

कार्तिकी एकादशी. सासूबाईंचा उपास, तरी त्या माझ्याबरोबर शोरूमला आल्या. मी मुद्दाम नेलं. उन्हाळ्यात मिरजेत त्यांचा उजवा गुडघा बदलला, डावा अजून बदलायचाय. म्हणजे वर्षभर तपासण्या, फिजिओथेरपी, आणि गाडीत चढणं-उतरणं.

विक्रेता मुलगा स्क्रीन, सनरूफ दाखवत होता. मी त्याला म्हटलं, आधी यांना बसू दे.

डिझायरमध्ये त्या बसल्या, पण शेवटचा वीतभर अंतर अंग टाकून द्यावं लागलं. उठताना दाराची कड, पुढची सीट, माझा खांदा, सगळं धरलं, आणि ओठ आवळून घेतले. दुखलं तर त्या कधी बोलत नाहीत, ओठांवरून ओळखायचं. नंतर दुसऱ्या शोरूममध्ये नेक्सॉन. इथे पाय उचलून उंबरा ओलांडावा लागतो, पण सीट कंबरेच्या उंचीला येते. त्या पाठमोऱ्या टेकल्या, मग एकेक पाय आत घेतला. उतरताना आधी पाय बाहेर, वरचं हँडल धरून उभ्या. माझा हात नको म्हणाल्या. दोन्ही वेळा पुन्हा करून दाखवा म्हटलं, तर करून दाखवलं. मग म्हणाल्या, "मला कुठे रोज बसायचंय? तुला चालवायची, तुझं बघ."

त्यांनी आयुष्यभर प्रत्येक गोष्टीत असंच म्हटलंय. म्हणून त्यांचं मी बघायचं.

एक गंमतीची गोष्ट: दोन्ही गाड्यांची डिकी कागदावर ३८२ लीटर. पण डिझायरची डिकी वेगळी, मागच्या सीटच्या पाठीला बंद. औषधांचा वास माणसांपर्यंत यायला तिथे खूप अडथळा. नेक्सॉनची डिकी आणि केबिन एकच हवा. म्हणजे लेकीसाठी डिझायर, सासूबाईंसाठी नेक्सॉन. सुरक्षिततेत दोघीही ग्लोबल एनकॅपच्या (गाड्या आदळून तपासणाऱ्या संस्थेच्या) चाचणीत पाच ताऱ्यांच्या, तेव्हा तिथूनही निकाल लागत नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

कवठेमहांकाळच्या पुढे एका बागेत गेले होते. डांबरी सोडल्यावर दीड किलोमीटर काळ्या मातीचा रस्ता, ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन चर पडलेले आणि मध्ये मातीचा वरंबा. वरंब्याला गाडीचं पोट घासलं. डिझायरचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलीमीटर, नेक्सॉनचा २०८. साडेचार सेंटिमीटरचा फरक, पण मातीत तोच दिसतो. मी आज गाडी थांबवून उरलेलं चालत गेले. चालायला माझी ना नाही, पण संध्याकाळी साडेसहाला अंधारात परत येताना, आजूबाजूला कोणी नसताना, गाडी जवळ असावी असं वाटतं. हे एचआरच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. फिल्डवर फिरणाऱ्या प्रत्येक बाईला मात्र ते माहीत आहे.

जत भागात बाभळीचे काटे. पंक्चर ही नेहमीची गोष्ट, म्हणून स्टेपनी पूर्ण मापाची आहे का ते बघायचंच. सीएनजीचा विचार मी केला नाही, त्या बाजूला भरायला कुठे शोधत फिरू? इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्केच, पण गल्लीत घराला पार्किंग नाही. वायर रस्त्यावरून टाकून रात्री चार्ज करायचं, हे मला पटत नाही.

डिझेल की पेट्रोल हा प्रश्न सोपा निघाला. बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या सध्याच्या नियमातल्या डिझेल गाडीला धुराचा फिल्टर असतो, डीपीएफ. नुसती शाळा-बाजार अशी छोटी धाव असेल तर त्यात काजळी साचते, ती जळायला इंजिन तापून गाडी लांब पळावी लागते. नागपूर-रत्नागिरी हायवेवरची माझी रोजची फेरी ते काम करून टाकते. डिझेलच.

राहिला वास. त्यावर सकाळपासून विचार केला आणि दुपारी सरांना फोन लावला. म्हटलं, नमुने माझ्या गाडीत महिनाभर का फिरतात? तासगाव, कवठेमहांकाळ आणि जतच्या कृषी सेवा केंद्रांवर आपला माल जातोच, नमुन्यांचा खोका त्याच गाडीतून पाठवा. दुकानदाराकडे परवाना आहे, गोडाऊन आहे, थंड जागा आहे. मी सकाळी दिवसापुरतं उचलेन, संध्याकाळी उरलेलं परत देईन. सर आधी म्हणाले की सगळीकडे असंच चालतं. मी म्हटलं, सर, त्या गाडीत माझी मुलगी बसते. ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, मेल टाका, मी मंजूर करतो. त्यांना दोन मुली आहेत.

मेल तिथेच बागेच्या बांधावर बसून टाकला. इतकी वर्षं आम्ही सगळेच घरातली माणसं आणि औषधं एकाच गाडीतून नेतोय. टीममध्ये आणखी तिघांना लहान मुलं आहेत. त्यांनाही हे लागू व्हावं असं मेलमध्ये लिहिलंय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सरांचं उत्तर आलं: हिवाळी हंगामापासून नमुने केंद्रांवर, सगळ्या टीमला. रबरी कडेचं घट्ट झाकण असलेली एक पेटीही प्रत्येकाला मिळणार, दिवसापुरत्या मालासाठी.

फॉर्म भरला. नेक्सॉन, डिझेल. शेऱ्यात तीन गोष्टी लिहून मागितल्या. पूर्ण मापाची स्टेपनी. नवऱ्याला गाडी चालवायची लेखी परवानगी, कारण सासूबाईंच्या तपासणीला मी बागेत असले तर तोच नेणार. आणि विम्यात इंजिन प्रोटेक्शन.

ही तिसरी गोष्ट एचआरच्या मुलीला समजेना. ती पुण्याची. तिला फोनवर सांगितलं: कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० फूट ही पुराची इशारा पातळी, ४५ ला धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर होतं. आमच्या गल्लीत तेव्हा होडी फिरली. २०२१ लाही घर सोडलं. पाणी चढायला लागलं की गावभागातली माणसं आधी गाड्या विश्रामबागेत नेऊन लावतात, मग सामान वर चढवतात. पण मी जतला असताना पाणी आलं तर? बुडालेल्या गाडीचं इंजिन चालू केलं की पाणी आत ओढलं जातं, पाणी दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे नुकसान सहसा धरत नाहीत, जोड कव्हर घ्यावं लागतं. ती म्हणाली, "मॅडम, सांगलीच्या सगळ्याच गाड्यांना घालते मग." घाल म्हटलं.

रंग पांढरा घेतला, उन्हात कमी तापतो. डिलिव्हरी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, असं शोरूमवाला म्हणतोय. तेव्हा तासगावात काढणी सुरू झालेली असेल, त्यामुळे गाडी घ्यायला नवरा जाणार. लेकीला त्याच्याबरोबर जायचंय, शाळेला दांडी मारून. अजून हो म्हटलेलं नाही.