दोन मतदानांचं वर्ष

आज सुट्टी म्हणून ड्रॉवर आवरायला घेतला, तर २०२५ ची दोन्ही मतदार कार्डं सापडली. एक कॅनडातल्या माझ्या प्रांताच्या, ओंटारिओच्या निवडणुकीचं, २७ फेब्रुवारीचं. दुसरं देशाच्या निवडणुकीचं, २८ एप्रिलचं. मधे फक्त साठ दिवस! नागरिकत्व मिळाल्यावरचं माझं हे पहिलंच मतदान.

फेब्रुवारीत बर्फ तुडवत गेले होते. प्रांतात मुख्यमंत्री (प्रीमियर) डग फोर्ड तिसऱ्यांदा बहुमताने आले. एप्रिलमध्ये मात्र उलथापालथच. जानेवारीत पंतप्रधान ट्रूडोंनी राजीनामा जाहीर केला तेव्हा त्यांचा लिबरल पक्ष संपल्यात जमा होता. मग ट्रम्पचं आयातशुल्क आलं, कॅनडाला अमेरिकेचं '५१ वं राज्य' करायची भाषा वाढली, आणि लोकांचं मन फिरलं. लिबरलांचे नवे नेते मार्क कार्नी यांना ३४३ पैकी १६९ जागा मिळाल्या. विरोधी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते पॉलिएव्ह तर स्वतःच्याच मतदारसंघात पडले, ऑगस्टमध्ये अल्बर्टातून पोटनिवडणूक लढवून संसदेत परतले.

मला आठवते ती पुठ्ठ्याच्या आडोशामागची पेन्सिल. छोटीशी. कागदावर फुली मारायची आणि घडी घालून पेटीत टाकायची. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, मशीन नाही? आमच्या वेळी असंच होतं, फक्त शिक्का असायचा."

क्युबेकच्या टेरबॉनमध्ये फेरमोजणीनंतर निकाल एका मतावर आला. एका! ते वाचल्यापासून 'माझ्या मताने काय होतंय' असं कुणी म्हटलं की मला खरंच राग येतो.

कार्डं फेकली नाहीत. पासपोर्टच्या पाकिटात ठेवलीत.