योग्य म्हणजे किती?

अनंत चतुर्दशी होऊन चार दिवस झाले होते. गोधड्या शिवायचा दोरा संपत आला होता म्हणून सकाळीच कळव्याहून ठाण्याला जांभळी नाक्यावर गेले. परतताना रिक्षा खाडीपुलावर अडकली ती अडकलीच, आणि तिथेच तो फोन आला.

फोन करणारे गृहस्थ लहान मुलांच्या वस्तूंच्या दुकानांना माल पुरवतात. मे महिन्यातल्या प्रदर्शनात त्यांनी माझं कार्ड घेतलं होतं. त्यांना बाळाच्या गोधड्या हव्या होत्या, तीन फूट बाय चार फूट, २०० नग. माल दिवाळीच्या आठ दिवस आधी पोचायला हवा. भाव नगाला ६२० रुपये, पैसे ६० दिवसांनी.

रिक्षातच गुणाकार केला. १ लाख २४ हजार! मागून हॉर्न वाजत होते आणि मी पिशवीतल्या दोऱ्याच्या रिळांवर हात ठेवून नुसती हसत बसले होते.

इतका आनंद व्हायला कारण होतं. खारीगावात आमच्या कामाच्या खोलीत गोदरेजच्या कपाटावर मी एक कागद चिकटवला होता. श्रावणात बचत गटाचं प्रशिक्षण झालं, तेव्हा शिकवायला आलेल्या बाईंनी प्रत्येकीकडून आपल्या धंद्याची ध्येयं लिहून घेतली होती. माझ्या कागदावर तीन ओळी होत्या. दिवाळीपर्यंत एक लाखाची विक्री. गावदेवी मैदानाच्या प्रदर्शनात अर्धा नाही, पूर्ण स्टॉल. आणि तिसरी ओळ, सगळ्यांना योग्य मोबदला. बाईंनी बजावलं होतं की प्रत्येक ओळीत आकडा आणि तारीख पाहिजे, आणि भाव ठरवण्याआधी महिनाभर प्रत्येक नगाला लागलेले तास लिहून ठेवायचे. तासांची वही मी केली. खिडकीच्या गजाला दोरीने पेन बांधलं, प्रत्येकीला एकेक पान दिलं. एक उभी रेघ म्हणजे अर्धा तास. तिसऱ्या ओळीत आकडा मात्र राहून गेला होता.

आमच्याकडे मी सोडून पाचजणी आहेत. सगळ्यांत मोठ्या मावशी, साताऱ्याकडच्या. त्या गोधडीला वाकळच म्हणतात. सासूने शिकवलेला त्यांचा धावदोरा इतका सारखा पडतो की उलटी बाजू कुठली ते नीट बघावं लागतं. बाकी चौघींना त्यांनीच तयार केलं. आमच्या गोधडीच्या पोटात जुन्या सुती साड्याच असतात. एक बोहारीण भांड्यांवर मिळालेल्यांतल्या चांगल्या मऊ साड्या आमच्यासाठी बाजूला काढते. त्या गरम पाण्यात धुवायच्या, कडक उन्हात वाळवायच्या, काठ उसवायचे, थर लावायचे, कच्चे टाके घालायचे. एवढं झालं की खरं काम सुरू होतं. कडेपासून आत, चौकोनात चौकोन घेत, मधोमध येईपर्यंत टाके. नव्या कापडाची गोधडी दिसते छान, पण बाळाच्या अंगाला हवी तशी होत नाही. जुन्या लुगड्याचा मऊपणा कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही, हे मी बोलण्यासाठी बोलत नाही, हात लावून बघा.

तर खोलीवर पोचले आणि चप्पल काढायच्या आधी सांगितलं, "दोनशेची ऑर्डर आली!" वहिनीने टाळ्या वाजवल्या. काकूंनी देवाला नमस्कार केला. मी कपाटापाशी जाऊन पहिल्या ओळीवर बरोबरची खूण करायला पेन उघडलंसुद्धा.

मावशींनी सुई खाली ठेवली नाही. टाका पूर्ण केला, दोरा ओढला आणि विचारलं, "दोनशे वाकळा कधीपर्यंत?"

"दिवाळीच्या आठ दिवस आधी."

"आन एकीला किती वेळ लागतोय, ते वहीत हाय ना?"

वही काढली. एकेका लहान गोधडीच्या रेघा मोजल्या. कुठे वीस, कुठे चोवीस, सरासरी बावीस. म्हणजे ११ तास. हा आकडा महिनाभर गजाला लटकत होता आणि मी तो एकदाही मोजला नव्हता. २०० नगांना २,२०० तास. पाचजणी घरचं सगळं उरकून रोज चार तास बसतात, म्हणजे दिवसाला २० तास. वहिनीने मोबाइलवर भागाकार केला आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. ११० दिवस. रविवार आणि दसरा वजा जाता आमच्या हातात होते २५. तेवढ्यात होणार ४५ गोधड्या.

मी म्हटलं, आणखी बायका घेऊ. कापडासाठी मुद्रा कर्जाचं बघू, शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळतं. खरं सांगते, त्या क्षणी मला ती ऑर्डर सोडवत नव्हती. महिनाभरात नवीन हात मावशींसारखा टाका कसा घालणार, हा प्रश्न मी मनात येऊच दिला नाही.

तेव्हा काकू कपाटाकडे बघत म्हणाल्या, "ताई, ते तिसरं लिहिलंय ना, योग्य मोबदला. योग्य म्हणजे किती?"

काकूंचा आवाज अगदी साधा होता. खोचून विचारलं नव्हतं, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी लहान गोधडीला शिलाईचे २५० रुपये देत होते. आजूबाजूला यापेक्षा जास्त कोणी देत नाही, म्हणून मला ते चांगले वाटायचे. आता ११ तास समोर होते. २५० भागिले ११. तासाला २३ रुपयेसुद्धा पडत नव्हते.

खोलीत कोणी काही बोललं नाही. मागे पारसिकच्या बाजूने गाडी गेली तेवढाच आवाज.

मग वहिनी म्हणाली, "मी सकाळी पोळ्यांना जाते तिथे महिन्याला १,८०० देतात. रोजचा एक तास."

म्हणजे तासाला ६०. हा आकडा प्रशिक्षणात मिळाला नाही की मोबाइलवर शोधून सापडला नाही, तो आमच्याच खोलीत बसला होता. मी तिसऱ्या ओळीपुढे लिहिलं, तासाला ६० रुपये. हात थरथरत होता, कारण पुढचा हिशेब मला दिसायला लागला होता.

शिलाई ११ तास, ६६० रुपये. कापड १५०, दोरा ३०, धुणं-इस्त्री आणि पिशवी ३५. एकूण ८७५. ते गृहस्थ द्यायला निघाले होते ६२०, म्हणजे नुसत्या शिलाईलाही पुरले नसते. पण मला लागलं ते वेगळंच. मी स्वतः प्रदर्शनात ही गोधडी ८५० ला विकत होते. दोन वर्षं. गिऱ्हाईक म्हणायचं, "किती वाजवी भाव!" आणि मी खूश व्हायचे. तो वाजवीपणा मावशींच्या डोळ्यांतून येत होता. परवाच त्या सुईत दोरा ओवायला वहिनीला हाक मारत होत्या. मला वाटलं होतं, उजेड कमी आहे.

मी मावशींची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुमाला तरी कुठं म्हाईत होतं?" पण माहीत करून घेणं माझंच काम होतं. धंदा माझ्या नावावर आहे.

दुपारी चारला मी त्या गृहस्थांना फोन लावला. आधी कागदावर मुद्दे लिहून घेतले, नाहीतर बोलता बोलता मी नमते घेते. ४५ नग. भाव १,१५०, कारण ८७५ वर खोलीचं भाडं, माझी धावपळ आणि थोडी शिल्लक हवीच. निम्मे पैसे आगाऊ. उरलेले ४५ दिवसांच्या आत. ही शेवटची अट माझ्या मनची नाही. माझी उद्यम नोंदणी आहे, म्हणजे लहान धंद्याची सरकारदरबारी नोंद. आधारवर ऑनलाइन आणि फुकट होते ती. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांच्या कायद्याने आमच्यासारख्यांकडून माल घेणाऱ्याला ४५ दिवसांत पैसे चुकते करावेच लागतात, करारात त्याहून जास्त मुदत लिहिली तरी. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज. अनेकजणींनी नोंदणी करून प्रमाणपत्र फाइलला लावून ठेवलंय आणि हे कलम त्यांना कोणी सांगितलेलं नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितेय.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, हाताने कशाला करता? मशीनवर मारा ना. लेबल हँडमेडचंच लावू, कोण बघतंय?"

मी म्हटलं, "नाही, तसं नाही करणार."

"बरं, कळवतो," म्हणाले. त्यांचा फोन पुन्हा आला नाही.

त्या दिवाळीत एक लाख झाले नाहीत. गावदेवीच्या प्रदर्शनात १,१५० ऐकून कितीतरी बायका गोधडी खाली ठेवून पुढे गेल्या. जुन्या गिऱ्हाइकांपैकी दोघी नाराजही झाल्या. एकीला मी तासांची वही दाखवली, तिने रेघा बघितल्या आणि एकाच्या जागी दोन घेतल्या, पण असं रोज घडत नाही. ३१ गोधड्या गेल्या, ३५,६५० रुपये. घरी यजमान म्हणाले की हातचे सव्वा लाख घालवलेस. मी त्यांच्यासमोर वही ठेवली. बराच वेळ आकडे बघत होते, मग गप्प झाले. शिलाईचे पैसे मात्र प्रत्येकीला तासाला ६० ने, दर शनिवारी. पहिल्या हप्त्यात मावशींनी चष्मा केला.

पण मला सांगायचंय ते त्याच दिवशी संध्याकाळचं. सहा वाजले होते. कागद कपाटावरून काढला होता, पहिल्या ओळीवर काट मारली होती, आणि नवीन ओळ काय लिहायची यावर सगळ्या बोलत होत्या. वहिनीला गोधडीच्या कोपऱ्यात शिवणारीचं नाव हवं होतं. काकूंना चार तासांच्या वर काम नको होतं, मान धरते. तिसरी म्हणाली, पावसाळ्यात साड्या वाळत नाहीत तर जूनच्या आत साठा करू, तेही लिहा. मी लिहीत होते. मावशी वही चाळत होत्या. पानं पुढे-मागे केली, परत पहिल्यापासून बघितली.

"ताई, ह्यात तुमचं पान कुठाय?"

मी म्हटलं, माझं कसलं पान, मी कुठे शिवते?

"साड्या कोन धुतं? थर कोन लावतं? सकाळधरनं पुलावर कोन अडकलं होतं?" त्यांनी गजाला बांधलेलं पेन दोरीसकट ओढून माझ्या हातात दिलं. "आन त्या मानसाशी बोलत होता, अर्धा तास झाला की नाय? मारा रेघ."

कोऱ्या पानावर मी माझं नाव लिहिलं आणि पहिली रेघ मारली.