दोडामार्गातील तीन खड्डे

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातील एका कुटुंबाची पाच एकर वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन रबर लागवडीसाठी तपासायला मी गेलो होतो. समोरच्या डोंगरावर केरळातून आलेल्या बागायतदारांच्या रबराच्या रांगा नव्या पालवीने हिरव्यागार झाल्या होत्या आणि त्या पाहूनच घरातील मुलाने रोपांसाठी आगाऊ रक्कम देऊन टाकली होती.

"साहेब, आमच्याकडे पावस काय कमी पडता?" त्याने विचारले. प्रश्न रास्त होता. रबराला वर्षाकाठी सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस पुरतो आणि येथे ३,००० मिलिमीटरहून अधिक पडतो. परंतु केरळातल्या कोट्टायमला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा चांगला पाऊस होतो, एप्रिल-मेमध्ये वळवाच्या सरीही येतात; येथे मात्र बहुतेक सारा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये कोसळून जातो आणि डिसेंबरपासून मेपर्यंत झाडाला जमिनीतल्या ओलीवरच दिवस काढावे लागतात. त्यामुळे ती ओल किती खोलवर साठते, हेच मला पाहायचे होते.

पहिला खड्डा माथ्यावर घेतला. जेमतेम ४० सेंटिमीटरवर पहार खणकन वाजली. खाली जांभ्याचा सलग कातळ होता. अशा खडेमिश्रित मातीच्या मीटरभर थरात झाडाला घेता येईल असे पाणी ढोबळ मानाने १०० मिलिमीटर धरले, तर येथे ४० मिलिमीटरच राहते आणि दिवसाला चार मिलिमीटर खर्च होत असेल, तर ते दहा दिवसांत संपते. हा हिशेब मी मातीवरच काडीने मांडून दाखवला. मुलगा बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिला. मलाही वाईट वाटले, कारण पैसे त्याच्या स्वतःच्या कमाईचे होते.

मधल्या उतारावर मात्र १३० सेंटिमीटरपर्यंत तांबडी, भुसभुशीत माती लागली. किंजळीची मुळे खड्ड्याच्या तळापर्यंत पोहोचली होती, मातीचा सामू (पीएच) पाचच्या आसपास, म्हणजे आम्लधर्मी होता आणि ओतलेले पाणी पाहता पाहता जिरले. रबराला याहून वेगळे काही लागत नाही. फक्त पहिली तीन-चार वर्षे उन्हाळ्यात रोपांना पाणी, बुंध्याशी आच्छादन आणि खोडाला चुन्याचा हात द्यावा लागेल. खाली ओहोळाकाठी माती खोल होती, पण अर्ध्या मीटरखाली ती राखाडी होऊन तिच्यात तांबूस ठिपके दिसू लागले. पावसाळ्यात तेथे पाणी तुंबते, याची ती खूण होती, आणि तुंबलेल्या पाण्यात रबराची मुळे गुदमरतात.

मुलाचे वडील तोवर गप्प होते. तिसरा खड्डा पाहून ते म्हणाले, "वरचा गवत दिवाळीपासूनच करपता." माझ्या पहारीने जे सांगितले, ते त्यांना ठाऊक होते, त्यांना कोणी विचारले नव्हते, मीही नाही. तेव्हापासून खड्डा घेण्याआधी मी घरातील वडीलधाऱ्यांबरोबर जमिनीवरून एक फेरी मारतो.

माथ्यावरचे जुने काजू तसेच ठेवायचे आणि रबर मधल्या दीड एकरातच लावायचे ठरले. आता न लागणाऱ्या रोपांसाठी मुलाने रोपवाटिकेला तिथूनच फोन लावला आणि गुरे पडू नयेत म्हणून वडिलांनी माथ्यावरचा खड्डा बुजवायला घेतला.